नववी-दहावीच्या विज्ञानात मुलं नेमकं काय शिकतात, आणि घरी त्यांच्याकडून काय करून घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात आहे, यंदा नववीत गेली. विज्ञानात गुण बरे पडतात, पण ‘हे असं का होतं’ असं विचारलं की पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवते आणि तिथेच अडते. या विषयात या वयात शिकायचं असतं तरी काय, आणि आईवडिलांना घरी काय करता येईल? घरी कोणत्या भाषेत बोलावं आणि शिकवणी लावावी का, हेही तुम्ही विचारलंय.

आधी अभ्यासक्रमाचं बघू. गोवा बोर्डाचं नववी-दहावीचं विज्ञान एनसीईआरटीच्या धर्तीवर चालतं. नववीत पदार्थाच्या अवस्था, मिश्रणं आणि ती वेगळी करण्याच्या रीती, अणू-रेणू, पेशी आणि ऊती, गती, बल, गुरुत्वाकर्षण, कार्य आणि ऊर्जा, ध्वनी. दहावीत रासायनिक अभिक्रिया, आम्ल-आम्लारी, धातू-अधातू, कार्बनची संयुगं, पचन-श्वसनासारख्या जीवनप्रक्रिया, प्रजनन, आनुवंशिकता, प्रकाश, विद्युतधारा, चुंबकत्व, पर्यावरण. धड्यांची नावं आणि क्रम अधूनमधून बदलतात, त्यांची फारशी काळजी करू नका.

ही यादी पाहून वाटतं की माहितीचा ढीग पाठ करायचा आहे. तसं मुळीच नाही. या सगळ्या धड्यांमधून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायची असते: डोळ्यांना काय दिसलं आणि त्यावरून आपण काय ठरवलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं. पहिलं निरीक्षण, दुसरं अनुमान. तुमच्या मुलीची अडचण बहुतेक इथेच आहे. जर्नलमध्ये ‘निरीक्षण’ या रकान्यात मुलं सर्रास लिहितात, ‘कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडला’. तो वायू कोणालाच दिसत नाही. दिसले ते बुडबुडे, आणि तो वायू चुन्याच्या निवळीत सोडल्यावर निवळी दुधाळ झाली ते. कार्बन डायऑक्साइड हे त्यावरून काढलेलं अनुमान. ही सवय लागली की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर मुलांना आपोआप सुचायला लागतं, कारण अनुमानापर्यंतचा रस्ता त्यांनी स्वतः चाललेला असतो.

म्हणून माझा सल्ला असा की घरी धडे पुन्हा शिकवत बसू नका. दोन-तीन प्रयोग निवडा, ते नीट, मोजूनमापून करून घ्या. त्यांतला एक सविस्तर सांगतो. दहावीच्या पचनाच्या धड्यातला आहे, पण नववीच्या मुलीलाही सहज जमेल आणि सामान घरातच सापडेल.

उकड्या तांदळाची पेज करा. वरचं पातळ पाणी गाळून घ्या आणि एक चमचा पेजेत दहा चमचे साधं पाणी घालून ढवळा. दाट पेज वापरली तर प्रयोग हमखास फसतो: स्टार्च इतका जास्त असतो की चमचाभर लाळेने तो संपत नाही. फार्मसीतून पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली आणा. जखमेवर लावतात तेच. त्याचे पाच-सहा थेंब दोन चमचे पाण्यात घाला, फिक्या कोऱ्या चहासारखा रंग आला की पुरे. आता तीन छोटे काचेचे ग्लास घ्या आणि प्रत्येकात दोन-दोन चमचे पातळ केलेली पेज ओता. पेज थंड झालेली हवी. तोंड स्वच्छ चुळा भरून धुवायचं, थोडी लाळ वाटीत जमवायची. पहिल्या ग्लासात अर्धा चमचा लाळ. दुसऱ्यात अर्धा चमचा पाणी. तिसऱ्यात अर्धा चमचा लाळच, पण उकळलेली, म्हणजे लाळेची छोटी स्टीलची वाटी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून मग थंड केलेली. तिन्ही ढवळून अर्धा तास तसेच ठेवायचे. मग प्रत्येकात आयोडीनच्या पातळ द्रावणाचा एकेक थेंब.

दुसरा आणि तिसरा ग्लास निळाकाळा होतो. पहिला पिवळटच राहतो, किंवा काम अर्धवट झालं असेल तर तांबूस दिसतो. आता खरं शिक्षण सुरू होतं. मुलीला विचारा: दुसऱ्या ग्लासात पाणी का घातलं, नुसती पेज का ठेवली नाही? उत्तर असं की लाळ घातल्याने पेज थोडी पातळही होते. रंग न येण्याचं कारण लाळ की पातळपणा, हे ठरवायचं तर दुसऱ्या ग्लासातही तेवढंच पाणी पडायला हवं. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलणं यालाच नियंत्रित प्रयोग म्हणतात. तिसऱ्या ग्लासाने काय कळलं? लाळेतलं जे काही काम करतं ते उकळल्यावर मरतं. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) म्हणजे प्रथिन आहे आणि उष्णतेने त्याची रचना मोडते, ही ओळ पुस्तकात असते. इथे तिचा पुरावा ग्लासात समोर असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटी विचारा: पहिल्या ग्लासात साखर तयार झाली हे तू पाहिलंस का? नाही. आयोडीनने एवढंच सांगितलं की स्टार्च उरला नाही. त्याचं माल्टोज झालं, हे सिद्ध करायला बेनेडिक्टच्या द्रावणाची वेगळी परीक्षा लागते. ती शाळेच्या प्रयोगशाळेत होते: गरम केल्यावर निळ्याचा हिरवा, पिवळा, विटकरी असा रंग बदलत जातो. ‘लाळेने स्टार्चचं साखरेत रूपांतर केलं’ असं अर्ध्या पुराव्यावर लिहिणारं मूल आणि ‘स्टार्च नाहीसा झाला, साखरेसाठी आणखी एक परीक्षा हवी’ असं लिहिणारं मूल यांच्यात फार मोठा फरक आहे. दुसऱ्याला विज्ञान कळलं.

या प्रयोगात फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पेज गरम असताना लाळ घातली तर विकर आधीच मरतं आणि तिन्ही ग्लास निळे होतात. आयोडीन जास्त पडलं तर त्याचाच तपकिरी रंग सगळं झाकतो. आणखी एक गंमत मुद्दाम दाखवा: गरम पेजेत आयोडीन घातलं तर निळा रंग येतच नाही किंवा आलेला उडून जातो, थंड होताच परत येतो. आयोडीन आणि स्टार्चची ती जोडणी उष्णतेने सुटते. गरम पेजेवर परीक्षा घेऊन ‘स्टार्च नाही’ असं लिहिणारी मुलं असतात, म्हणून हे ठाऊक हवं. प्रत्येकाने स्वतःचीच लाळ वापरायची आणि नंतर भांडी साबणाने धुवायची, हे वेगळं सांगायला नको.

वर चुन्याच्या निवळीचा उल्लेख आला, ती घरी करायला फार सोपी. पानाला लावतात तो चुना एक छोटा चमचा, पाव लिटर पाणी, झाकणाची बाटली. हलवून रात्रभर स्थिर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी न ढवळता ओतून घ्या. जास्त चुना घातल्याने निवळी कडक होत नाही. एक लिटर पाण्यात तो जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. बाटली उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाण्यावर पांढरी साय धरते आणि निवळी निकामी होते. स्ट्रॉने हळूहळू फुंकलं की दुधाळपणा येतो. निवळी आधी बरीच पातळ करून घेतली आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड जास्त प्रमाणात सोडत राहिलं तर काही वेळाने पाणी पुन्हा नितळ होतं, कारण न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. हे दुसरं पाऊल बहुतेक मुलं पाहतच नाहीत, दुधाळ झालं की थांबतात. फुंकताना चष्मा असू द्या आणि उलटं ओढायचं नाही, हे आधीच बजावा.

आम्ल-आम्लारीच्या धड्यासाठी आपल्याकडे दारातच सामान आहे. लाल दासवणीची (जास्वंदीची) चार-पाच फुलं घ्या, पाकळ्या कपभर गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. त्या पाण्यात आंबट बिंबलांचा रस टाकला की रंग गडद गुलाबी, साबणाचं पाणी टाकलं की हिरवट, मिठाचं पाणी टाकलं तर बदल नाही. मुलं हौसेने सोलांचं (कोकमाच्या वाळवलेल्या सालींचं) लाल पाणीही सूचक म्हणून वापरायला बघतात. रंग बदलतो हे खरं, पण ते पाणी स्वतःच आंबट असतं. तुम्ही टाकलेला सोडा आधी त्या आम्लाशी लढण्यात खर्च होतो, बुडबुडे येतात आणि रंग बऱ्याच उशिरा जांभळट-करडा होतो. सौम्य आम्लारी ओळखायला ते निरुपयोगी. पण उदासिनीकरण दाखवायला मात्र उत्तम: चिमूटचिमूट सोडा टाकत किती चिमटींना रंग पालटतो ते मोजायला लावा.

आता विजेकडे येऊ, कारण दहावीत सर्वाधिक मुलं इथे अडतात. ओहमचा नियम पाठ असतो, पण मंडल जोडता येत नाही. शाळेत करतात तो प्रयोग असा: दीड व्होल्टचे चार सेल, अर्धा मीटर नायक्रोम तार, अमीटर, व्होल्टमीटर, कळ. अमीटर एकसर, म्हणजे धारेच्या वाटेतच; व्होल्टमीटर तारेच्या दोन टोकांना समांतर. आधी एक सेल, मग दोन, तीन, चार, आणि दर वेळी दोन्ही वाचनं. घरी करायचं तर साधा डिजिटल मल्टिमीटर आणि १०० ओहमचा पाव वॉटचा रोधक (रेझिस्टर) पुरतो. एका सेलवर सुमारे १५ मिलिअँपिअर, दोनवर ३०, तीनवर ४५. चौथा सेल जोडू नका: सहा व्होल्टवर त्या रोधकात ०.३६ वॉट खर्च होतात, तो पाव वॉटचा आहे, तापून करपतो. हा हिशेबही मुलीकडूनच करून घ्या. विद्युतशक्तीचं सूत्र तिला त्याच धड्यात आहे आणि एवढा चांगला उपयोग पुस्तकातल्या उदाहरणांतही सापडणार नाही.

चुका कुठे होतात? अमीटर चुकून समांतर जोडला की त्याचा रोध नगण्य असल्याने भरमसाट धारा वाहते, मल्टिमीटरचा फ्यूज जातो. व्होल्टमीटर एकसर जोडला की धारा जवळपास शून्य दिसते आणि मुलं सेल संपला म्हणून बदलत बसतात. कळ सतत दाबून ठेवली तर नायक्रोम तार तापते, रोध बदलतो, वाचनं सरकतात. म्हणून वाचन घेण्यापुरतीच कळ दाबायची. सेलवर दीड व्होल्ट छापलंय म्हणून तक्त्यात दीड लिहायचं नाही. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, धारा वाहत असताना मोजलं तर १.३ही मिळेल, आणि तेच लिहायचं. आपल्याकडे किनाऱ्याच्या दमट, खारट हवेने तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा सामान काढलं की टोकं पॉलिश पेपरने घासल्याशिवाय एकही वाचन धड मिळत नाही. बिचाऱ्या मुलांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

आलेख काढताना बिंदूला बिंदू जोडायचे नाहीत. पट्टीने एकच सरळ रेषा, काही बिंदू वर, काही खाली राहतील अशी. आणि इथे माझं एक ठाम मत आहे. जर्नलमध्ये ‘आदर्श’ आकडे लिहायला लावणं किंवा फळ्यावरचे आकडे उतरवणं ताबडतोब बंद व्हायला हवं. १५, ३१, ४४ अशी वेडीवाकडी पण स्वतःची वाचनं मुलांना अचूकतेबद्दल जेवढं शिकवतात, तेवढं १५, ३०, ४५ कधीच शिकवत नाहीत.

रोधकाचा आलेख सरळ आला की स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा जुना बल्ब घ्या. सूत्राने पेटलेल्या अवस्थेतला रोध १४.४ ओहम येतो. थंड बल्ब मल्टिमीटरने मोजला तर त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास दिसतो. चूक कोणाची? कोणाचीच नाही. पेटल्यावर टंगस्टनची तार प्रचंड तापते आणि तिचा रोध वाढतो. ओहमच्या नियमात ‘तापमान स्थिर असताना’ हे शब्द असतात, ते पाठ करताना गाळले जातात. ते का लिहिलेत, हे या बल्बने समजतं.

प्रकाशाच्या धड्यात भिंगाचं नाभीय अंतर काढायला मुलं खिडकीची प्रतिमा भिंतीवर घेतात आणि तेच नाभीय अंतर म्हणून लिहितात. १० सेंटिमीटरच्या भिंगाने दोन मीटरवरच्या खिडकीची प्रतिमा साडेदहा सेंटिमीटरवर पडते, म्हणजे पाच टक्के चूक. दहा मीटरवरच्या माडाची प्रतिमा १०.१ वर, चूक एक टक्का. म्हणून ‘दूरची वस्तू’. ही दोन्ही उत्तरं भिंगाच्या सूत्रातूनच येतात, तिला काढायला सांगा. चिन्हसंकेत घोकण्यापेक्षा प्रत्येक गणिताआधी छोटी किरणाकृती काढली तर उणे-अधिकच्या चुका बऱ्याच कमी होतात.

गतीच्या धड्यांसाठी एक लंबक टांगा. दोऱ्याची लांबी आधारापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत एक मीटर, वीस दोलनांना सुमारे ४० सेकंद. एकच दोलन मोजलं तर हाताच्या उशिराने ०.२ सेकंदाची चूक दोन सेकंदांत पडते, वीस मोजली तर तीच चूक चाळीस सेकंदांत वाटली जाते.

जीवशास्त्रात कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड सगळे करतात. पापुद्रा पाण्यातच ठेवायचा, सुकला किंवा दुमडला तर पेशी दिसत नाहीत. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून तिरकी, हळू सोडायची. आदळली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि जाड काळ्या कडेचे ते वाटोळे बुडबुडे मुलं पेशी किंवा केंद्रक म्हणून आकृतीत काढतात. आकृती जे दिसलं त्याची हवी, पुस्तकातली नव्हे. ऊती आणि फळा-बियांच्या ओळखीसाठी चवथीला गणपतीवर फळंपानं बांधून टांगतात त्या माटोळीसारखं साधन नाही. एकदल कोणतं, द्विदल कोणतं, हे नारळ, सुपारीचं शिपटं, केळी आणि तवशी (काकडी) यांवर विचारून बघा, पानांच्या शिरा बघून उत्तर द्यायला लावा.

काही प्रयोग आपल्या हवेत ऋतू बघूनच करावे लागतात. कंगवा घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग जूनमध्ये जवळजवळ होतच नाही, दमट हवेत भार टिकत नाही. डिसेंबरात सकाळी करा. गंजण्याच्या प्रयोगात कोरडी हवा ठेवायला कॅल्शियम क्लोराइड वापरतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली ओलसर चिखल झालेली असते, त्या नळीतला खिळाही गंजतो आणि निष्कर्ष उलटा निघतो. ताजी भुकटी आणि घट्ट बूच हवं. त्याच प्रयोगात समुद्राच्या पाण्याची एक नळी वाढवली तर मिठाने गंज किती लवकर धरतो तेही कळतं. मॅग्नेशियमची फीतही घासून चकचकीत केल्याशिवाय नीट पेटत नाही. हा प्रयोग मात्र शाळेतच, कारण त्या झगझगीत उजेडाकडे थेट बघितलं तर डोळ्यांना इजा होते. पानातला स्टार्च दाखवायच्या प्रयोगात हरितद्रव्य काढायला अल्कोहोल गरम करतात, तोही घरी करायचा नाही. शाळेतसुद्धा थेट ज्योतीवर नको, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच. भर पावसात केला तर ऊन कमी असल्याने पानात स्टार्च पुरेसा बनत नाही आणि रंग फिका येतो, ऑक्टोबरनंतर करा.

माध्यमाबद्दल तुम्ही विचारलंय. परीक्षा इंग्रजीत आहे, ती भाषा आणि संज्ञा तिला शाळेत मिळतील. घरी मात्र प्रयोगाबद्दल मराठीत किंवा कोंकणीत, जशी घरची बोली असेल तशी, बोलू द्या. संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी चालतील. जे आपल्या भाषेत ‘अमुक केलं म्हणून तमुक झालं’ असं सांगता येत नाही, ते इंग्रजीतही पाठांतरच असतं. सांगून झालं की मग तेच चार ओळींत इंग्रजीत लिहायला लावा.

शिकवणी लावायची की नाही, तेही विचारलंय. गणितं अडत असतील तर जरूर लावा, बाकी गरज दिसत नाही. त्यापेक्षा पणजीतल्या मिरामारच्या सायन्स सेंटरला अर्धा दिवस द्या, तिथली प्रात्यक्षिकं हाताळू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या मिठागरावर जाऊन एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी घट्ट होत कसं जातं ते दाखवा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, येताना बाटलीभर पाणी आणा, घरी आटवून वजन करा. नेमके ३५ येणार नाहीत. मांडवी-झुवारीच्या खाडीकाठच्या मिठागरात पाणी कोणत्या भरतीला घेतलं आणि गोड पाणी किती मिसळलं त्यावर आकडा बदलतो, आणि आपला आकडा वेगळा का आला याची कारणं तिला शोधू द्या.

घरी एवढं सामान पुरेल: मल्टिमीटर, तीन सेल आणि त्यांचा होल्डर, १०० ओहमचे दोन-तीन रोधक, १० सेंटिमीटरचं भिंग, पोव्हिडोन आयोडीन, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, आलेखाची वही. भिंतीतल्या प्लगला यातलं काहीही जोडायचं नाही, मोठ्यांच्या देखरेखीतही नाही. वीज शिकायला सेल पुरेसे आहेत.